टर्मिनलमधले शॉर्टकट: बटण दाबल्यापासून कर्सर हलेपर्यंत

लांबलचक कमांड टाइप झाली, सुरुवातीलाच एक अक्षर चुकलं, आणि मग डाव्या बाणाचं बटण दाबून धरायचं. जळगाव, धुळे, शिरपूर, नंदुरबार, कुठल्याही कॉलेजच्या लिनक्स लॅबमध्ये हे दिसतं. कंट्रोल-ए दाबलं की कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो आणि कंट्रोल-ई दाबलं की शेवटी, एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण हे शॉर्टकट बदलता येतात, नवे बनवता येतात, आणि एखादा चालत नसेल तर का चालत नाही हे पाच मिनिटांत शोधता येतं, इथपर्यंत फार थोडे जण पोचतात. खरं तर दिवसभर टर्मिनलसमोर बसणाऱ्याने सगळ्यात आधी शिकावी अशी ही गोष्ट आहे.

इथे मुख्य भर बॅश या शेलवर, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामवर आहे, कारण उबुंटू आणि डेबियनवर, विंडोजमधल्या डब्ल्यूएसएलवर आणि फोनवरच्या टर्मक्समध्ये साधारणपणे तोच समोर येतो. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजी कीबोर्डवरूनच टाकायचे.

बटण आधी कोणाच्या हाती लागतं

बटण दाबल्यावर ते थेट बॅशकडे जात नाही. आधी डेस्कटॉप आणि टर्मिनलची खिडकी ते बघतात. एकाच खिडकीत अनेक टर्मिनल चालवणारा टीमक्स किंवा स्क्रीन हा प्रोग्राम तुम्ही वापरत असाल तर मध्ये तो असतो. मग कर्नलमधला, टर्मिनल सांभाळणारा टीटीवाय ड्रायव्हर. त्यानंतर रीडलाइन नावाची लायब्ररी, जी ओळ संपादित करायचं काम करते. एंटर दाबल्यावर पूर्ण झालेली ओळ शेवटी बॅशला मिळते. पांझरा नदीवरच्या फडातल्या पाटासारखंच हे आहे: वरच्याने पाणी अडवलं तर खालच्याने कितीही वाट पाहिली तरी त्याच्या वाफ्यात थेंब येत नाही. शॉर्टकट चालत नाही म्हणून लोक बॅशच्या फाइलींमध्ये तासभर घालवतात, आणि बटण मात्र दोन पायऱ्या वरच अडलेलं असतं.

कंट्रोल-एसचं उदाहरण घ्या. आधी दिलेल्या कमांडच्या इतिहासात पुढच्या दिशेने शोधायला रीडलाइनने कंट्रोल-एस ठेवलेलं आहे. पण टीटीवाय ड्रायव्हर ते स्वतःकडेच ठेवतो आणि स्क्रीनवरचं आउटपुट थांबवतो. जुन्या संथ टर्मिनलांना दम घ्यायला वेळ मिळावा म्हणून ही सोय होती. आज एखादा विद्यार्थी फाइल सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबतो, टर्मिनल गोठतं, आणि ‘हँग झालं’ म्हणून तो खिडकीच बंद करतो. हँग काहीच झालेलं नसतं. कंट्रोल-क्यू दाबलं की सगळं पुन्हा सुरू होतं. हा प्रकार कायमचा मिटवायचा असेल तर होम फोल्डरमधल्या ‘.बॅशआरसी’ या बॅशच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’ ही ओळ टाका. मग कंट्रोल-एस रीडलाइनपर्यंत पोचतं आणि पुढे शोधायचं कामही करायला लागतं.

‘एसटीटीवाय -ए’ चालवलं की ड्रायव्हरने स्वतःसाठी राखलेली सगळी बटणं दिसतात. कंट्रोल-सी, कंट्रोल-झेड आणि कंट्रोलसोबतची उलटी तिरपी रेघ ही त्यात आहेत. चालू प्रोग्रामला सिग्नल पाठवायचं काम ती करतात, म्हणून त्यांच्या वाटेला जाऊ नये.

वरच्या पायरीवरच्या अडचणीही ओळखीच्या आहेत. अल्ट-एफ दाबलं की कर्सर एक शब्द पुढे जायला हवा, पण अनेक टर्मिनलांत फाइल मेनू उघडतो. ती सवय टर्मिनलच्या प्रेफरन्सेसमधूनच बंद करावी लागते, बॅशमधून नाही. मॅकच्या टर्मिनलमध्ये ऑप्शन बटण मेटा (म्हणजे अल्ट) म्हणून वापरायची खूण प्रोफाइलमध्ये करावी लागते. स्क्रीन वापरणाऱ्यांचं कंट्रोल-ए स्क्रीनच खातो. तिथे कंट्रोल-ए दाबून मग नुसतं ए दाबलं की खरं कंट्रोल-ए आत जातं.

बटण नेमकं काय पाठवतं

टर्मिनलमधून प्रोग्रामला बटणं मिळत नाहीत, बाइट मिळतात. ही एक गोष्ट नीट समजली की निम्मा गोंधळ मिटतो.

कंट्रोलसोबत अक्षर दाबलं की त्या मोठ्या अक्षराच्या आस्की क्रमांकातून ६४ वजा होतात. ए म्हणजे ६५, म्हणून कंट्रोल-ए म्हणजे १. आय म्हणजे ७३, म्हणून कंट्रोल-आय म्हणजे ९, आणि ९ म्हणजेच टॅब. एम ७७, म्हणून कंट्रोल-एम म्हणजे १३, म्हणजेच एंटर. चौकोनी कंस ९१, म्हणून कंट्रोलसोबत तो दाबला की २७, म्हणजेच एस्केप. यातून दोन गोष्टी निघतात. कंट्रोल-आयला नवं काम दिलंत तर टॅबने फाइलचं नाव पूर्ण होणं बंद पडतं, कारण रीडलाइनच्या दृष्टीने ती दोन्ही एकच आहेत. आणि कंट्रोल-शिफ्ट-ए हा कंट्रोल-एपेक्षा वेगळा शॉर्टकट बनवायला गेलात तर नेहमीच्या टर्मिनलमध्ये तो वेगळा ओळखताच येत नाही. आकड्यांचंही तसंच: कंट्रोल-१ दाबलं तर बहुतेक टर्मिनल नुसता १ पाठवतात.

अल्टसोबत अक्षर दाबलं की आधी एस्केपचा बाइट जातो, मग ते अक्षर. म्हणून अल्ट अडलेलं असेल तर एस्केप दाबून सोडा आणि मग एफ दाबा. काम तेच होतं. बाण, होम, एंड, डिलीट ही बटणं एस्केपने सुरू होणारी छोटी मालिका पाठवतात. वरचा बाण म्हणजे एस्केप, चौकोनी कंस, मोठा ए. कंट्रोलसोबत उजवा बाण म्हणजे एस्केप, चौकोनी कंस, १, अर्धविराम, ५, मोठा सी. पण सगळे टर्मिनल एकसारखं पाठवत नाहीत, त्यामुळे इंटरनेटवरून उतरवलेली ओळ तुमच्याकडे चालेलच असं नाही.

म्हणून आधी बघा, मग बांधा. प्रॉम्प्टवर कंट्रोल-व्ही दाबा आणि लगेच हवं ते बटण दाबा. बटणाचं काम न होता त्याचे बाइट अक्षरांत दिसतात. सुरुवातीला टोपीसारखी खूण आणि चौकोनी कंस दिसतो, तो एस्केप. कॉन्फिगरेशनमध्ये त्या दोन चिन्हांच्या जागी उलटी तिरपी रेघ आणि लहान ई लिहायचं, बाकीचं जसंच्या तसं. काहीच दिसलं नाही तर ते बटण वरच अडलेलं आहे. मग बॅशकडे बघायचं कारणच उरत नाही.

इनपुटआरसी फाइल

रीडलाइनची फाइल तुमच्या होम फोल्डरमध्ये असते. नाव ‘.इनपुटआरसी’, सुरुवातीला टिंब. नसेल तर तयार करायची. पहिल्या तीन ओळी अशा असाव्यात:

$इन्क्लूड /ईटीसी/इनपुटआरसी
"\ई[ए": हिस्टरी-सर्च-बॅकवर्ड
"\ई[बी": हिस्टरी-सर्च-फॉरवर्ड

यात ई लहान, ए आणि बी मोठे. पहिली ओळ लोक विसरतात. होम फोल्डरमध्ये तुमची फाइल सापडली की रीडलाइन सगळ्यांसाठी असलेली ईटीसी फोल्डरमधली फाइल वाचत नाही. उबुंटूने तिथे होम, डिलीट, कंट्रोल-बाण वगैरेंच्या जोडण्या दिलेल्या असतात. इन्क्लूड टाकलं नाही तर नवा शॉर्टकट चालू होतो आणि जुन्यांपैकी एखादा बंद पडू शकतो. मग दोन्हींचा संबंध लक्षातच येत नाही.

पुढच्या दोन ओळी मात्र एकच शॉर्टकट बदलायचा असेल तरी बदलाव्यात अशा आहेत. साधा वरचा बाण इतिहासातली मागची कमांड आणतो, कुठलीही. या ओळींनंतर तो कर्सरच्या डावीकडे टाइप केलेल्या मजकुराने सुरू होणाऱ्या कमांडच आणतो. ‘एसएसएच’ टाइप करा आणि वरचा बाण दाबा: आधी ज्या ज्या सर्व्हरवर गेला होतात ते एकामागून एक येतात, मधल्या शंभर एलएस आणि सीडी आडव्या येत नाहीत. ओळ रिकामी असेल तर बाण पूर्वीसारखाच चालतो. काही टर्मिनल बाणासाठी चौकोनी कंसाऐवजी मोठा ओ पाठवतात. कंट्रोल-व्हीने तसं दिसलं तर कंसाच्या जागी ओ घालून या दोन ओळी आणखी एकदा लिहा.

फाइल सेव्ह केल्यावर टर्मिनल बंद करून उघडायची गरज नाही. कंट्रोल-एक्स, मग कंट्रोल-आर दाबलं की फाइल पुन्हा वाचली जाते. सध्या कुठल्या बटणाला काय जोडलं आहे ते ‘बाइंड -पी’ दाखवतं. तिथे लहान पी टाकला तर यादी इनपुटआरसीत तशीच चिकटवता येईल अशा रूपात येते, आणि मोठा पी टाकला तर वाचायला सोप्या रूपात. ‘बाइंड -एल’ म्हणजे फक्त कामांची नावं. ही यादी एकदा शांतपणे वाचाच. कुठल्याच बटणाला न जोडलेली कितीतरी उपयोगी कामं तिथे पडून आहेत.

चुका बहुतेक ठरावीक जागी होतात. बटणाचं नाव आणि विसर्ग-चिन्हासारखे ते दोन टिंब यांच्यामध्ये मोकळी जागा सोडू नये. व्हॉट्सअॅप किंवा वर्डमधून ओळ चिकटवली तर सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वाकडी येतात आणि रीडलाइनला ती कळत नाहीत. विंडोजच्या नोटपॅडमध्ये बनवलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य बाइट असू शकतो. आणि मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर ५ ऐवजी देवनागरी पाच टाइप होतो. दिसायला आकडाच, पण बाइट पूर्ण वेगळे.

कंट्रोल-डब्ल्यू का ऐकत नाही

कंट्रोल-डब्ल्यू कर्सरच्या मागचा शब्द पुसतं, पण शब्द कुठे संपतो हे फक्त मोकळ्या जागेवरून ठरवतं. होम फोल्डरपासून ‘डेटा/केळी/रावेर/जून’पर्यंतचा लांब रस्ता टाइप केला आणि जूनच्या जागी जुलै हवा असेल, तर एका कंट्रोल-डब्ल्यूने सगळा रस्ताच जातो. याला रीडलाइनमध्ये उत्तर आहे: ‘युनिक्स-फाइलनेम-रबआउट’ हे काम तिरप्या रेघेवरही थांबतं. म्हणून लोक इनपुटआरसीत लिहितात:

कंट्रोल-डब्ल्यू: युनिक्स-फाइलनेम-रबआउट

आणि काहीच बदलत नाही. ओळ बरोबर, नाव बरोबर, फाइल वाचली गेली, तरी जुनंच चालू. कारण असं: प्रत्येक प्रॉम्प्टच्या वेळी रीडलाइन टीटीवाय ड्रायव्हरला त्याची खास बटणं विचारतं आणि आपल्याकडची तीच बटणं त्याप्रमाणे पुन्हा जोडतं. शब्द पुसायला ड्रायव्हरकडे कंट्रोल-डब्ल्यू नोंदलेलं असतं, म्हणून तुमची जोडणी दर वेळी पुसली जाते. त्यासाठी वर आणखी एक ओळ हवी:

सेट बाइंड-टीटीवाय-स्पेशल-चार्स ऑफ

कंट्रोल-यूचंही हेच, त्यालाही ही ओळ लागते. या ओळीने नुकसान काही होत नाही, रीडलाइनच्या स्वतःच्या मूळ जोडण्या तशाच राहतात.

देवनागरी नावं आणि शॉर्टकट

गावांची, पिकांची, शेतकऱ्यांची नावं मराठीत ठेवलेल्या फाइली आपल्याकडे आता सर्रास असतात, आणि इंग्रजीतली मदत-पानं या बाबतीत फारशी उपयोगी पडत नाहीत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘जळगाव’ म्हणजे काना धरून पाच चिन्हं, पंधरा बाइट. लोकेल (भाषा आणि अक्षरांची पद्धत ठरवणारी सेटिंग) यूटीएफ-८ असेल तर रीडलाइन हे नीट हाताळतं. पण एखाद्या दूरच्या सर्व्हरवर लोकेल नुसता ‘सी’ असेल, तर वरचा बिट असलेला प्रत्येक बाइट रीडलाइन अल्ट समजू शकतं. ‘ळ’चे तीन बाइट म्हणजे मग अल्टसोबत उलटं अवतरण, अल्टसोबत डॉलर आणि अल्टसोबत ३. शेवटच्याचा अर्थ ‘पुढचं काम तीनदा कर’ असा होतो. म्हणूनच मराठी अक्षर टाकल्यावर प्रॉम्प्टच्या जागी कंसात ‘आर्ग: ३’ असं काहीतरी उमटतं आणि माणूस चक्रावतो. आधी ‘लोकेल’ कमांड चालवून बघा. ‘सी’ दिसला तर लँग या व्हेरिएबलमध्ये ‘सी.यूटीएफ-८’ ठेवून नवा शेल सुरू करा. तेही करता येत नसेल तर इनपुटआरसीत इनपुट-मेटा आणि आउटपुट-मेटा ऑन, कन्व्हर्ट-मेटा ऑफ.

इन्स्क्रिप्ट चालू असताना अल्टचे शॉर्टकट बऱ्याच टर्मिनलांत चालत नाहीत, कारण एस्केपच्या मागे बी किंवा एफऐवजी देवनागरी अक्षर जातं. दर वेळी कीबोर्ड बदलत बसण्यापेक्षा इंग्रजीच ठेवा आणि नेहमी लागणारी मराठी नावं मॅक्रोत बांधा. रीडलाइनचा नियम सोपा आहे: दोन टिंबांनंतर नुसता शब्द असेल तर ते कामाचं नाव, अवतरणात असेल तर तो मजकूर जणू तुम्हीच टाइप केला असं समजायचं.

"\सी-एक्सजे": "जळगाव/"

इथे सी मोठा, एक्स आणि जे लहान. आता कंट्रोल-एक्स दाबून मग जे दाबलं की फोल्डरचं नाव उमटतं. मॅक्रोत बटणंही घालता येतात. कंट्रोल-एक्स, एसला "\सी-ए सुडो \सी-ई" असा मजकूर द्या (सी-ए आणि सुडो यांच्यात मोकळी जागा नको, सुडोनंतर हवी, ती गेल्यावर लगेच सी-ई): कर्सर सुरुवातीला जातो, सुडो टाइप होतं, कर्सर परत शेवटी येतो. नव्या शॉर्टकटसाठी कंट्रोल-एक्सने सुरू होणारी जोडी घ्यावी. एकेकट्या कंट्रोल-अक्षरांपैकी मोकळं जवळजवळ काहीच नाही, आणि कंट्रोल-एक्सच्या मागे जागा भरपूर आहे. तरी आधी ‘बाइंड -पी’मध्ये बघा, उदाहरणार्थ कंट्रोल-एक्स, जी हे आधीच घेतलेलं असतं.

बटण दाबताच एखादी कमांड चालावी, पण टाइप होत असलेली ओळ तशीच राहावी, असं हवं असेल तर ‘बाइंड -एक्स’ आहे. ते फक्त बॅशचं, म्हणून बॅशआरसीत लिहायचं. सगळी जोडणी एकेरी अवतरणात, आतला बटणाचा भाग दुहेरी अवतरणात. उबुंटूच्या बॅशआरसीत सुरुवातीलाच शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर बाहेर पडायची सोय केलेली असते. बाइंडच्या ओळी तिच्या खाली टाका, नाहीतर एससीपीने फाइल पाठवताना ‘लाइन एडिटिंग चालू नाही’ अशी ताकीद मध्येच येऊ शकते. बाकी सगळ्या जोडण्या इनपुटआरसीतच ठेवलेल्या बऱ्या, कारण जीडीबी या डीबगरसारखे रीडलाइन वापरणारे इतर प्रोग्रामही ती फाइल वाचतात.

लॅबमधलं सामायिक लॉगिन, फोन, आणि इतर शेल

अनेक लॅबमध्ये सगळ्यांना एकच लॉगिन असतं. तिथे होम फोल्डरमधली इनपुटआरसी बदलली तर पुढच्या बॅचचा बाण वेगळा वागेल. आपली फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा आणि आल्यावर ‘बाइंड -एफ’ देऊन तिचा रस्ता द्या. त्या एका शेलपुरतंच ते लागू होतं.

टर्मक्समध्ये फोनचं आवाज कमी करायचं बटण कंट्रोलचं काम करतं. ते धरून ए दाबलं की कंट्रोल-ए. आवाज वाढवायचं बटण धरून ई म्हणजे एस्केप, टी म्हणजे टॅब. इनपुटआरसी तिथेही अशीच चालते. लॅपटॉप नसलेल्या मुलांनी हे सगळं फोनवरच करून बघायला काहीच हरकत नाही.

मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून झेडशेल मूळ शेल आहे, आणि तो रीडलाइन वापरत नाही. त्याला इनपुटआरसी माहीतच नाही. तिथे ‘बाइंडकी’ कमांड झेडएसएचआरसी फाइलीत लिहायची. एक फरक ध्यानात ठेवा: वर सांगितलेला बाणाचा शॉर्टकट तिथे ‘हिस्टरी-बिगिनिंग-सर्च-बॅकवर्ड’ या नावाने मिळतो. बॅशमधलंच नाव वापरलं तर फक्त पहिला शब्द जुळवला जातो. एडिटर या व्हेरिएबलमध्ये व्हीआय किंवा व्हिम असेल तर झेडशेल आपणहून व्हीआय पद्धतीत (व्हीआय एडिटरसारख्या बटणांत) जातो आणि कंट्रोल-ए बंद पडतं. ‘बाइंडकी -ई’ने ते परत येतं. फिश या शेलमध्ये ‘फिश_की_रीडर’ चालवलं की दाबलेल्या बटणासाठी लिहायची ओळ तोच छापून देतो. पॉवरशेलमध्ये हे काम पीएसरीडलाइनकडे असतं.

बॅशमध्ये व्हीआय पद्धत निवडली असेल तर एस्केपचे दोन अर्थ होतात: कमांड-मोडमध्ये जा, किंवा बाणाची सुरुवात. रीडलाइन अर्धा सेकंद वाट बघून ठरवतं. नेटवर्क अडखळत असताना बाणाचे बाइट तुटून आले तर शेवटचा मोठा ए ‘ओळीच्या शेवटी लिहायला लाग’ असा वाचला जातो. ‘सेट कीसीक्-टाइमआउट’ने ही वाट लांबवता येते, आकडा मिलिसेकंदात, मुळात ५००. नेहमीच्या ईमॅक्स पद्धतीत ही अडचण येत नाही.

बिघडलं तर

एखादी जोडणी काढायची असेल तर ‘बाइंड -आर’ आणि ती बटणमालिका. पण कंट्रोल-एमला काहीतरी जोडून एंटरच बंद पाडलंत, तर कमांड देणार कशी? कंट्रोल-जे दाबा. तेही ओळ चालवतं आणि त्याचा बाइट १० आहे, १३ नाही, म्हणून ते शाबूत असतं. फाइलच इतकी बिघडली असेल की काही टाइप होत नाही, तर दुसऱ्या टर्मिनलमधून तिचं नाव बदला. दुसरा उघडून तोही तसाच निघाला तर ‘बॅश --नोएडिटिंग’ चालवा, त्यात रीडलाइनच नसतं. आणि दोष इनपुटआरसीत आहे की दुसरीकडे, हे तपासायला ‘इनपुटआरसी=/डेव्ह/नल बॅश’ असं टाकून (फक्त इनपुटआरसी मोठ्या अक्षरांत) शेल सुरू करा. ‘बॅश --नोआरसी’ इथे कामाचं नाही. त्याने फक्त बॅशआरसी टाळली जाते, इनपुटआरसी तरीही वाचली जाते.